तीन थेंब तेल
(केदोशीम पाराशेनिमित्त)



पेसाखचा सण होऊन गेला. ओमेरचे दिवस मोजणे चालू आहे, आणि वायिक्राच्या पुस्तकातील केदोशीम ही पाराशा आपण नुकतीच सिनेगॉगमध्ये ऐकली. या पाराशेच्या आरंभी परमेश्वर मोशेला सांगतो की, इस्राएलच्या साऱ्या मंडळीला सांग, तुम्ही पवित्र व्हा. सारी मंडळी कशाकरिता? राशी म्हणतात, तोरातील बहुतेक मुख्य गोष्टी या पाराशेवर अवलंबून आहेत, म्हणून ती सर्वांना एकत्र जमवून सांगितली. केवळ कोहेन आणि लेवी यांनी पवित्र व्हावे असे नव्हे. नांगर धरणाऱ्याने, कपडे शिवणाऱ्याने आणि तेल विकणाऱ्यानेही व्हावे.

आता पवित्र व्हायचे म्हणजे काय करायचे? आपल्याला वाटते, मोठे उपवास, लांबलचक प्रार्थना. परंतु वायिक्राचा १९ वा अध्याय घरी शांतपणे वाचून पाहा. आईबापांचे भय धरा आणि शब्बाथ पाळा, या दोन गोष्टी तेथे एकाच वचनात येतात. पुढे सांगितले आहे की, शेताचा कोपरा गरिबांसाठी सोडा, मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नका, बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नका. आणि अध्याय संपता संपता येतो तराजू. तराजू खरा असावा, वजने खरी असावीत, मापे खरी असावीत. लागलीच परमेश्वर आठवण देतो की, तुम्हांला मिसर देशातून बाहेर काढणारा तो मीच. केवढी ही गोष्ट! ज्या सुटकेसाठी आपण आठवडाभर बेखमीर भाकर खातो, ती सुटका आणि किराणा दुकानातले वजन यांची परमेश्वराने एकाच जागी गाठ मारून ठेवली आहे.

वाचकहो, गेल्या हिवाळ्यात आमच्या सिनेगॉगमध्ये संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर मिश्नाचा पाठ होत असे. आम्हीही जाऊन बसत असू. आमचे हिब्रू आजही मराठी शाळेत शिकलेल्या माणसाचेच हिब्रू आहे, त्यामुळे बोट ठेवून सावकाश वाचावे लागते. एका संध्याकाळी बाबा बात्रा या भागाचा पाचवा अध्याय निघाला. त्यात दुकानदारासाठी नियम आहेत. दुकानदाराने मापे आठवड्यातून दोनदा स्वच्छ करावीत, वजने आठवड्यातून एकदा पुसावीत, आणि तराजू तर प्रत्येक वजनानंतर पुसावा. कारण उघड आहे. मापाला तेल चिकटते, त्यावर धूळ बसते, माप आतून लहान होत जाते आणि गिऱ्हाइकाला नकळत कमी मिळते.

आणखी एक नियम असा की, तेल किंवा द्राक्षारस ओतून झाल्यावर विकणाऱ्याने माप तसेच धरून गिऱ्हाइकाच्या भांड्यात आणखी तीन थेंब गळू द्यावेत. किरकोळ दुकानदाराला मात्र या तीन थेंबांची सूट आहे, कारण त्याच्यापुढे गिऱ्हाइकांची रीघ असते. यावर रब्बी येहूदा म्हणतात, ही सूट त्याला एकाच वेळी आहे, शब्बाथच्या आदल्या संध्याकाळी अंधार पडताना.

हे वाचले आणि आमचे बोट ओळीवर तसेच थांबले. कारण ते तीन थेंब आम्ही पाहिले होते. कोकणातल्या एका लहानशा बंदराच्या गावी, एका लहानशा दुकानात, शुक्रवारी अंधार पडतानासुद्धा पाहिले होते. त्या दुकानदारांनी मिश्ना कधी हातात धरली नव्हती.

त्या गृहस्थांच्या मृत्यूला आता चाळीसएक वर्षे होतील. ओमेरच्या दिवसांतच ते गेले. त्यांचे नाव आम्ही येथे छापीत नाही. सिनेगॉगला त्यांनी दिवे दिले, गालिचा दिला, पण देणगीदारांच्या पाटीवर नाव घालू दिले नाही. जे त्यांनी पाटीवर नको म्हटले ते आम्ही छापावे हे बरे नव्हे. हश्काबाच्या वेळी आम्ही त्यांचे नाव घेतो, तेवढे पुरे. येथे त्यांना काका म्हणू. सारे गाव त्यांना काकाच म्हणे. फक्त फार जुनी माणसे अजून ‘शनवार तेली’ म्हणत. आपले पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला लागले, त्यांनी तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी बैल सोडून ठेवले, म्हणून कोकणात आपल्याला हे नाव पडले, हे आपण सारे जाणतोच. काकांच्या आजोबांचा घाणा होता. काकांच्या वेळी घाणा बंद पडून दुकान झाले होते. तेल, पेंड, मीठ, गूळ, डाळी, काड्यापेट्या, असे साधे दुकान. पुढे फळ्यांचे दार, मागे घर, परसात विहीर आणि चार माड.

तल्मुदात रावा नावाचे ज्ञानी सांगतात की, माणूस मरणानंतर न्यायासनापुढे उभा राहिला म्हणजे त्याला प्रश्न विचारले जातात. त्यांतले पहिले चार आपण घेऊ. देवघेव सचोटीने केलीस का? तोरासाठी ठरावीक वेळ ठेवलास का? घरसंसार उभा केलास का? तारणाची आशा धरलीस का? आमच्या मनात आले की, हे चार प्रश्न घेऊन आपण काकांचे आयुष्य पाहावे.

पहिला प्रश्न देवघेवीचा. न्यायासनापुढे प्रार्थनेच्याही आधी दुकानाची चौकशी होते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

१ एप्रिल १९५७ रोजी भारतात नवे पैसे आले. रुपयाचे सोळा आणे होते, त्याचे शंभर पैसे झाले. एक आणा म्हणजे सवासहा पैसे. आता पाव पैसा कोठून आणायचा? सात घेतले तर गिऱ्हाइकाला फटका, सहा घेतले तर दुकानदाराला. आमचे वडील सांगत की, काकांनी पहिल्या दिवसापासून सहा घेतले. कोणी म्हणाले, ‘काका, दिवसाकाठी किती पाव पैसे गेले, हिशेब केलात का?’ काका म्हणाले, ‘केला. माझे किती गेले ते मला ठाऊक असते, गिऱ्हाइकाला त्याचे ठाऊक नसते. म्हणून माझेच गेलेले बरे.’

पुढे शेर जाऊन किलो आला. शेर ८० तोळ्यांचा, किलो जवळजवळ ८६ तोळ्यांचा. दोन्ही वजने बाजारात असण्याचा तो काळ मोठा घोटाळ्याचा होता. भाव किलोचा सांगायचा आणि पारड्यात शेर टाकायचा, हे करायला फार अक्कल लागत नव्हती. काकांनी नवी वजने आली त्याच दिवशी जुनी भंगारात देऊन टाकली. ‘दाराला अडण म्हणून तरी ठेवा,’ असे काकू म्हणाल्या, तेही ऐकले नाही. देवारीमच्या पुस्तकात सांगितले आहे की, थैलीत एक मोठा आणि एक लहान असे दोन धोंडे असू नयेत. तल्मूद त्याही पुढे जाऊन म्हणते की, खोटे माप घरात दुसऱ्या कोणत्या वापरासाठीही ठेवू नये. काकांनी हे कोठे वाचले होते? कोठेच नाही. त्यांच्या वडिलांचा हात मापावर कसा फिरे ते त्यांनी पाहिले होते.

१९७२ च्या दुष्काळानंतरचे दिवस पुष्कळांना आठवत असतील. साखर, रॉकेल, गोडेतेल, सगळ्याची टंचाई आणि महागाई. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यामागे बायका लाटणी घेऊन मोर्चात निघाल्या, ते तेव्हाच. आमच्या गावी एक घाऊक व्यापारी काकांना म्हणाला, ‘आहेत ते डबे महिनाभर मागच्या खोलीत ठेवा, दाम दुप्पट होईल.’ काकांनी दुसऱ्या दिवशी सारे डबे पुढे आणून मांडले, वहीतली घरे मोजली आणि माणशी हिस्सा ठरवला. स्वतःच्या घरालाही तेवढाच. त्या पावसाळ्यात काकूंनी आठवड्यातून दोन दिवस बिनफोडणीची आमटी केली.

राशी म्हणतात, माप घालणाऱ्याला न्यायाधीश म्हटले आहे, आणि तो खोटे बोलला तर त्याने न्याय बिघडवल्याचे पाप होते. काका दिवसातून शंभर वेळा न्यायाला बसत. एक बाजू गिऱ्हाइकाची, दुसरी स्वतःची, आणि निकाल नेहमी तीन थेंबांनी गिऱ्हाइकाच्या बाजूला.

दुसरा प्रश्न तोरासाठी वेळ ठेवण्याचा. काका मोठे शास्त्री नव्हते. हिब्रू प्रार्थना पाठ होत्या, अर्थ मराठीतून समजून घेतलेला. पण वेळ ठेवणे म्हणजे काय ते त्यांच्याकडून शिकावे. आमच्या गावचा आठवडी बाजार शनिवारी भरे. आसपासच्या खेड्यांतून बैलगाड्या येत, कोळणी येत, आणि आठवड्याची निम्मी विक्री त्या एका दिवशी होई. त्या दिवशी काकांच्या दुकानाच्या फळ्या लावलेल्या असत. वर्षातून बावन्न बाजार, आणि असे पन्नास वर्षे त्यांनी सोडले. शुक्रवारी दुपारनंतर काका मापे गरम पाण्याने धुऊन उपडी घालीत, वजने पुशीत, पारडी पुशीत. मग विहिरीवर आंघोळ, पांढरे कपडे, टोपी. काकूंनी काळ्या मनुका भिजवून शरबत केलेले असे, त्यावर किद्दुश. शनिवारी दुपारी ओसरीवर मुलांना बसवून त्या आठवड्याची पाराशा मराठीतून सांगत. आमच्यासारखी शेजारची मुलेही त्यात असत. अब्राहामाने साराच्या कबरीसाठी चारशे शेकेल मोजून दिले ती गोष्ट सांगताना काका नेहमी म्हणत, ‘बघा, फुकट मिळत होते तरी बाजारभावाने घेतले.’

एका शनिवारी सकाळी शेजारच्या आळीत एक म्हातारे वारले. त्यांचा मुलगा दिव्याला तेल हवे म्हणून काकांच्या मागल्या दारी आला. आज शब्बाथ, विकायचे नाही, मोजायचे नाही, पैशाला हात लावायचा नाही. पण दारात दुःखी माणूस उभा. काकांनी त्याला आत नेले, डबा दाखवला आणि म्हणाले, ‘तुझ्या हाताने घे. किती घेतलेस ते मला सांगू नकोस.’ पुढच्या आठवड्यात तो पैसे द्यायला आला तेव्हा म्हणाले, ‘मी मोजलेच नाही, मग पैसे कसले?’ शब्बाथही राहिला आणि शेजारही राहिला.

तिसरा प्रश्न घरसंसाराचा. काकांना दोन मुलगे, तीन मुली. शिवाय घरात आंधळ्या झालेल्या आई, आणि विधवा बहीण तिच्या दोन लेकरांसह. एवढी माणसे त्या दुकानावर जेवली. रात्री दुकान बंद केले की काका आधी आईच्या खाटेशी जाऊन बसत आणि दिवसभराची बातमी सांगत. कोणाच्या म्हशीला रेडकू झाले, लाँच किती उशिरा आली, कोणाचे पत्र आले. आईला दिसत नव्हते म्हणून गाव तिच्याकडे आणावे लागे, असे ते म्हणत. मग जेवण. मुलींनी पावकी, निमकी, दीडकी दुकानाच्या फळीवर बसून पाठ केली, आणि तिन्ही मुली मॅट्रिकपर्यंत शिकल्या. त्या गावी त्या काळी ही लहान गोष्ट नव्हती.

परंतु आम्ही येथे काकांचे पोवाडे गायला बसलेलो नाही. एक चूक त्यांच्या हातून झाली आणि ती सांगितली पाहिजे. तिची दुरुस्ती सांगण्याजोगी आहे. थोरल्या मुलाने दुकान चालवावे अशी काकांची इच्छा. मुलाची इच्छा इस्राएलला यायची. १९७० साली तो निघाला. वडिलांचा निरोप घ्यायला दुकानात गेला, तर काकांनी वहीतून मान वर केली नाही. रेवसच्या धक्क्यावर आई आली, बहिणी आल्या, आजीने आशीर्वाद पाठवला, वडील आले नाहीत. दोन वर्षे बापलेकांत एक अक्षर गेले नाही. मग दारफाळणीच्या सणाच्या, म्हणजे कीपूरच्या आदल्या दिवशी काका पोस्टात जाऊन बसले आणि त्यांनी पत्र लिहिले. ते पत्र मुलाने जपून ठेवले आहे आणि आम्हांला वाचायला दिले आहे. त्यात थोडक्यात एवढेच आहे की, उद्या देवापुढे उभे राहायचे आहे. देवाचा अपराध असेल तर तो क्षमा करील, पण तुझा अपराध मी केला आहे, तो तू क्षमा केल्यावाचून सुटायचा नाही. मिश्नात योमा या भागात हाच नियम सांगितला आहे. बाप असून काकांनी आधी लिहिले. बंधूंनो, आपल्यापैकी किती घरांत आज बापलेक, भाऊभाऊ एकमेकांच्या पहिल्या पत्राची वाट पाहत बसले आहेत?

चौथा प्रश्न तारणाच्या आशेचा. काका येथे कधी आले नाहीत. येथे आपल्या समाजाच्या लग्नांवर शंका घेतली गेली, तेव्हा ती बातमी वाचून त्यांना फार दुःख झाले. १९६४ साली बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदीच आहेत असे क्नेसेतने जाहीर केले, तेव्हा त्यांनी दुकानात गूळ वाटला. ‘मग आता चला,’ असे लोक म्हणाले. पण आई होती तोवर तिला हलवता येत नव्हते. आई गेली तोवर गाव रिकामे होत आले होते. एकेक कुटुंब मुंबईला, तेथून लोदला, रामलेला, अश्दोदला, दिमोनाला. प्रार्थनेला दहा पुरुष जमेनात. काका म्हणत, ‘मी गेलो तर नऊच उरतील.’ पुढे नऊही उरले नाहीत. तरी शुक्रवारी ते सिनेगॉगचे कुलूप काढून दिवा लावीत. दरवर्षी पेसाखच्या रात्री ‘पुढल्या वर्षी येरुशलाईमला’ असे म्हणत आणि दुसऱ्या दिवशी सिनेगॉगचा दिवा पाहायला जात. ही आशा नव्हे असे कोण म्हणेल? वाट पाहणाऱ्याने दिवा विझू दिला नाही, एवढे खरे.

ते गेले तेव्हा गावात सात पुरुष उरले होते. तिघे आजूबाजूच्या गावांतून एस.टी.ने आणि सायकलने आले आणि कसाबसा मिनियान झाला. बाजारपेठ त्या दिवशी बंद राहिली. हिंदू, मुसलमान, कोळी, सारे चालत कबरस्तानापर्यंत आले. मुलाला तार पोहोचेपर्यंत मातीही होऊन गेली होती. त्याने कद्दीश येथे म्हटला. कबरीवर हिब्रूत आणि मराठीत लिहिलेला दगड आहे, समोर माड आहेत आणि वाऱ्याबरोबर समुद्राचा आवाज येतो.

आता आमच्या स्वतःच्या गोष्टीकडे येतो. हे प्रवचन लिहायला घेतले ते मुळात तिच्यासाठीच.

आम्ही नऊ वर्षांचे असू. श्रावणातला पाऊस. आईने गोडेतेल आणायला बाटली देऊन पाठवले. काकांनी माप भरून ओतले, तीन थेंब गळू दिले, बूच घट्ट लावून दिले. येताना साकवावर पाय घसरला. बूच उडाले आणि निम्मे तेल सांडले. आईच्या भीतीने आम्ही परत दुकानात गेलो आणि चारचौघांदेखत म्हणालो, ‘काका, तुम्ही माप कमी भरलेत.’

दुकानात पाच-सहा गिऱ्हाइके होती. सगळी गप्प झाली. काकांनी बाटली पाहिली. मग आमच्या गुडघ्याकडे पाहिले. गुडघा फुटलेला, चड्डीला चिखल आणि तेल. त्यांना सारे कळले असणारच. एक शब्द पुरा होता, ‘पोरा, पडलास का?’ पण तो शब्द उच्चारला असता तर आम्ही सगळ्यांसमोर खोटे ठरलो असतो. काका म्हणाले, ‘चुकले असेल बाबा, माणूस आहे.’ माप फडक्याने पुसले, पुन्हा भरले, ओतले, आणि वर तीन थेंब. एक गिऱ्हाईक हसून म्हणाला, ‘म्हणजे शनवार तेल्याचे मापही कमी भरते तर!’ हे वाक्य पुढे आठ-दहा दिवस बाजारात फिरत होते. आमच्या कानांवरही आले. आम्ही तोंड उघडले नाही.

ज्या माणसाने जन्मभर एक वजन खोटे ठेवले नाही, त्याच्यावर माप कमी भरल्याचा आळ आम्ही घातला. आणि त्याने तो अंगावर घेतला, कारण लहान पोराची लाज त्याला स्वतःच्या नावापेक्षा जड वाटली. पुढे आम्ही शिक्षक झालो. वर्गात मुले खोटे बोलताना पकडली की प्रत्येक वेळी ते दुकान आठवे. काका हयात असताना सुट्टीत घरी जात होतो, त्यांच्या दुकानात बसून चहा पीत होतो. उद्या सांगू, पुढच्या खेपेला सांगू, असे म्हणता म्हणता येथे आलो, आणि काका गेले.

यंदा आम्ही त्यांच्या मुलाकडे जाऊन हे सांगितले आणि त्या तेलाचे पैसे पुढे केले. काकांनी ही गोष्ट घरी कधी कोणाला सांगितलीच नव्हती. मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘पैसे त्सेदाकाच्या पेटीत टाका.’ ते टाकले. पण तेल फेडले तरी नाव फेडले जात नाही. तल्मुदात योमामध्ये सांगितले आहे की, ज्याचा अपराध केला तो मनुष्य मरण पावला असेल, तर अपराध्याने दहा माणसे बरोबर घेऊन त्याच्या कबरीपाशी जावे आणि त्यांच्यासमोर कबुली द्यावी. आम्ही आमच्या रबायांना विचारले. ते म्हणाले, कबर दूर असेल तर प्रतिनिधी पाठवता येतो, पण त्यानेही दहा जण न्यावेत.

दहा जण! काकांनी ज्या दहांसाठी जन्म घालवला, ते दहा त्या गावात आता नाहीत.

म्हणून आधी ही कबुली येथे छापून देत आहोत. आळ चारचौघांदेखत घातला होता, तो चारचौघांदेखतच मागे घेतला पाहिजे. काकांचे माप कमी नव्हते. आम्ही पडलो होतो आणि आम्ही खोटे बोललो होतो. दुसरे असे की, येत्या सुक्कोथनंतर, पाऊस सरल्यावर, आम्ही तेथे जाण्याचे योजिले आहे. खंडाळ्याला एलियाहू हन्नबीच्या टाप्याचे दर्शन घ्यायला आपल्यातले पुष्कळजण जातातच. त्या सुमारास भारतात असणाऱ्या बांधवांनी एक दिवस आमच्यासाठी काढावा. ठाण्या-मुंबईचे काही जण येतो म्हणाले आहेत. भाऊच्या धक्क्यावरून आता मोटारीसुद्धा बोटीत घालून मांडव्याला नेता येतात, वाट पूर्वीसारखी अवघड राहिलेली नाही. दहा झालो तर त्या गावात पुष्कळ वर्षांनी मिनियान होईल, आणि काकांच्या कबरीपाशी कद्दीशही म्हणता येईल.

आता थोडे आपल्याविषयी. आपल्यापैकी फार थोड्यांच्या हाती आज तराजू आहे. पण माप प्रत्येकाच्या हाती आहे. कोकणातली वडिलोपार्जित घरे आणि वाड्या विकल्या जात आहेत. अलिबागच्या बाजूला जमिनीला सोन्याचे मोल आले आहे, आणि ज्या भावंडांनी एका ताटात भाकरी खाल्ली ती आज वकिलांमार्फत बोलत आहेत. तेथे तीन थेंब दुसऱ्याच्या बाजूला पडू द्या. म्हाताऱ्या आईबापांची सेवा करायला बाई ठेवली असेल तर तिचा पगार ठरल्या दिवशी द्या, कारण मजुरी रात्रभर अडवू नये हेही याच पाराशेत आहे. आईबाप दूर असतील तर काका आईच्या खाटेशी बसत तसे, रोज थोडा वेळ गाव त्यांच्याकडे घेऊन जा. फोन आहे, लाँचची वाट पाहावी लागत नाही. आणि कोणा जिवंत माणसाची कबुली द्यायची राहिली असेल तर आज द्या. आज एक माणूस पुरतो. उद्या दहा लागतील.

परमेश्वर काकांच्या आत्म्याला गन-एदेनमध्ये विसावा देवो, त्यांच्या मुलानातवंडांना सुखी ठेवो, आणि आपल्या सर्वांना खरे माप धरणारा हात देवो. आमेन.